मागच्या खोलीतला ‘जी साहब’

ही गोष्ट खरी आहे. खोटी रचायची असती तर मी दुसरी कुठलीही रचली असती. हिच्यात आमच्या घरची अब्रू आहे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. मागच्या वर्षीचा मे महिना. गोंदियाजवळचं कामठा गाव. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, असं ऊन.

मी भुपेंद्र. गोंदियात माझं पंखे-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. कामठ्याला माझे मामाजी राहायचे, दुर्गाप्रसाद. खत-बियाण्यांचं दुकान आणि थोडी धानाची शेती. गावात कुणाला सरकारी कागद आला की तो आधी मामाजींकडे वाचायला यायचा. फार हुशार माणूस, असं सगळेच म्हणायचे. मामाजी स्वतःही म्हणायचे.

शेजारच्या मंगरूला एका भिशीवाल्यानं बुडवलं, तेव्हा मामाजींनी चार लोकांसमोर त्याला विचारलं होतं, "डोस्कं घरी ठेवून गेलता का रे?"

लोक हसले होते. मंगरू मान खाली घालून निघून गेला.

त्या मे महिन्याच्या आधीच्या दिवाळीनंतर मामाजींनाच फोन आला.

व्हिडिओ कॉल. समोर वर्दीतला माणूस. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले. आता तुम्ही आमच्या निगराणीत आहात. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. घरात कुणाला सांगायचं नाही.

मामाजी हलले नाहीत.

तीन दिवस. मागच्या खोलीत, दार लावून, लाकडी खुर्चीवर. मामीला सांगितलं, ताप आहे, आत येऊ नको. खात्यात जे होतं ते सगळं गेलं, तेव्हा फोन तिकडूनच बंद झाला.

हे त्यांनी फक्त मला सांगितलं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसताना आले आणि एका उघड्या कूलरकडे बघत बोलले.

"चला ना मामाजी, पोलिसात जाऊन येऊ," मी म्हणालो.

"नाही. गावात मालूम होईल." त्यांनी कूलरचं झाकण उचलून पुन्हा ठेवलं. "तुझ्या मामीले सांगू नको, भुपेंदर. पैशाचं जाऊ दे. पन मी त्याले पानी पिऊ का मनून विचारत होतो. माझ्याच घरात."

मी शब्द दिला.

त्यानंतर मामाजी त्यांच्या खताच्या दुकानात बसेनात. कुणाचाही फोन वाजला की ताडकन उभे राहायचे. मंगरू राम राम करायचा, तर हे आत निघून जायचे. होळीच्या आधी एका रात्री झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

मुलगी दुर्गेश्वरी रायपूरला दिलेली. घरात मामी एकटी राहिली.

मे महिन्यात मामीचा फोन आला. कूलर फार खडखड करतो, केव्हाही बंद पडेल, आजच ये. तिचा आवाज मला विचित्र वाटला. कूलरसाठी कुणी इतकं घाबरत नाही.

मी गेलो. मामीनं ओसरीच्या दाराला आतून कडी लावली आणि समोर बसून चिंच फोडू लागली. मी कूलरचा प्लग काढला.

एकदम शांत झालं.

आणि मागच्या खोलीतून आवाज आला...

"जी साहब."

हळू. पुरुषाचा.

शेजारचा टीव्ही असेल, असं मला वाटलं. पण मामीचा हात थांबला होता.

"जी साहब... यहीं हूँ, साहब."

तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. फक्त इतका लाचार कधी ऐकला नव्हता.

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

"तुले बी आयकू आलं?" मामी म्हणाली. ती घाबरली नव्हती. उलट सुटल्यासारखी दिसत होती. "मले वाटे, मीच पागल झाली. रोज दुपारी येते. मंग कूलर लावाचा. आवाज दबते. शेजारी आयकतील तं काय मनतील?"

मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. मी ती काढली.

आत कुणी नव्हतं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. तेव्हा फोन ठेवलेला समोरचा कोनाडा रिकामा. मामाजींचा फोन तर मामीनं अस्थींबरोबरच नदीत सोडला होता. का, ते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

मी दारात उभा राहिलो.

आणि माझ्यापासून हातभर अंतरावरून...

"साहब... पानी पी लूँ?"

मग शांतता. कुणीतरी उत्तराची वाट बघतंय, अशी.

मी मागे सरकलो. मामी माझ्या पाठीशी उभी होती.

"मी किती डाव म्हटलं, प्या ना जी. तांब्या भरून ठेवला. पन त्यायले माझा आवाज जात नाही. त्यायले त्या साहेबाचंच आयकाचं आहे."

"कोणता साहेब, मामी?" मी विचारलं. शब्द दिला होता ना.

तिनं उंबऱ्याकडे बोट दाखवलं.

"याच दाराशी बसून होती मी, बाबू. तिन्ही दिवस. सारं आयकलं."

"मग त्यांना बोलल्या काऊन नाही?"

"पयले समजलंच नाही, काय चालू आहे. समजलं तवा सारं होऊन गेलतं. मंग कोन्या तोंडानं सांगू, का तुमाले पानी मागताना आयकलं मनून? मान वर नसती केली त्यायनं माझ्यासमोर." ती थांबली. "तशीबी नाही केली."

आतून पुन्हा आवाज आला.

"साहब... बस दो घूँट."

"तुले हिंदी चांगली येते," मामी म्हणाली. "तू बोल."

ती काय म्हणतेय ते कळायला मला वेळ लागला. कळलं, तेव्हा तिथून पळून जावंसं वाटलं. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी शेजारच्या नागरा गावची जत्रा पाहिली, त्याच्याशी त्या हरामखोराच्या आवाजात बोलायचं.

मी दाराआड उभा राहिलो. घसा साफ केला.

"दुर्गाप्रसाद. जाँच पूरी हुई. पानी पियो. अब तुम जा सकते हो."

मला वाटलं होतं, जमणार नाही. पण जमलं. फार सहज जमलं. त्याची लाज मला अजून वाटते.

आत खुर्ची सरकली.

"जी साहब." मग अगदी हळू, "घर में मत बताना, साहब. मेरी घरवाली को मालूम नहीं है."

मामीनं ते ऐकलं.

तिनं डोक्यावर पदर ओढला. ओसरीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. जाणाऱ्याला तिच्या नजरेसमोरून जावं लागू नये म्हणून.

पावलं आली. अनवाणी. माझ्या बाजूनं गेली.

पावलं ओसरीत आली. मामीच्या अगदी मागे आली...

आणि थांबली.

किती वेळ, ते सांगता येत नाही. मामी हलली नाही. तिचा पदर मात्र हलत होता. वारा नव्हता.

मग काहीच नाही.

"गेले का?" तिनं भिंतीकडे बघतच विचारलं.

मी ओसरीच्या दाराकडे पाहिलं. आतली कडी लागलेली होती. पावलं पुढे गेल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"गेले," मी म्हणालो.

त्या दिवसापासून आवाज बंद आहे, असं मामी म्हणते. कूलर नीट चालतो. दुर्गेश्वरी तिला रायपूरला न्यायला दोनदा आली, ती गेली नाही.

परवा मी कामठ्याला गेलो होतो. मामी ओसरीत बसली होती, डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे. माझ्याशी बोलली, चहा कर म्हणाली. पण मागे वळली नाही.

तिचा पदर हलत होता. वारा नव्हता.