मधली रजई

जिन्यात तेजलला आधी फक्त एक गादी दिसली. दोन पायांवर खाली उतरणारी. ती भिंतीला चिकटून उभी राहिली, तरी तिच्या ढोलकीला धक्का बसलाच.

"अहो, बघून चाला ना!"

"बघू कसं? डोळ्यांसमोर कापूसच आहे," गादी म्हणाली... आणि कडेने एक हसरा चेहरा बाहेर आला. भुवयांवर कापूस चिकटलेला. "स्टुडिओत जायचंय? वरच आहे. चालवतो मीच, अबरार. एवढी गादी टेम्पोत टाकतो अन् आलोच."

आता असा रेकॉर्डिंगवाला बघून कुणाचा धीर टिकेल, सांगा! तेजलने मागे पाहिलं. तिचे बाबा, सावळीराम, कठडा धरून एकेक पायरी चढत होते. परत फिरायला वेळच नव्हता.

सायखेड्याचे सावळीराम तीस वर्षं जयंतीच्या स्टेजवर गात आले होते. ढोलकीवर त्यांचा दोस्त झुंबर असायचा. झुंबरकाका गेले तेव्हा बारा वर्षांच्या तेजलने ढोलकी मांडीवर घेतली, त्यालाही आता बारा वर्षं झाली. आणि महिन्यापूर्वी बाबांच्या घशात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते, म्हणजे आवाज कायमचा जाणार होता. आज शनिवार. बाबांनी आपल्या आईवर रचलेलं गाणं कुठेच नीट रेकॉर्ड झालेलं नव्हतं. करू की कधीतरी, असं म्हणता म्हणता राहून गेलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन-तीनदाच गा, घशाला ताण नको. ठरलेल्या स्टुडिओने सकाळी ऐनवेळी हात वर केले आणि रिक्षावाल्याने त्यांना जुन्या नाशकातल्या या गादीवाल्याच्या माडीवर आणून सोडलं.

माडीच्या भिंतींना गाद्याच लावलेल्या होत्या. अबरारने बाप-लेकीच्या मधोमध एक जाड रजई टांगली. ढोलकीचा आवाज गाण्याच्या माइकात शिरू नये म्हणून. दोघांच्या कानांवर हेडफोन चढले. बाबांनी सूर लावला.

पण गाणं काही चालेना. दुसऱ्याच ओळीला ते मंदावत मंदावत थांबलं.

"तेजे, मागं का राहातीस?" रजईपलीकडून बाबा म्हणाले.

"मी नाही राहत! थाप आत्ता मारते अन् कानात नंतर ऐकू येते."

अबरारने तिचे हेडफोन स्वतः लावून बघितले, ढोलकीवर एक बोट मारलं. "खरंय तुमचं. कॉम्प्युटर आवाजाचा घास घेतो, मग सोडतो. घास लहान करतो, लवकर येईल."

घास लहान केला तर आवाज तडतडायला लागला. थोडा मोठा केला, बाबा पुन्हा गायले आणि पुन्हा तीच गत. दुसऱ्या कडव्यात त्यांना ठसका लागला. कोमट पाणी पिऊन ते म्हणाले, "आता एकदाच हुईल, पोरी. जास्त नाय."

तेजलचा बांध फुटला. "जमत नसेल तर सरळ सांगा ना! सोमवारनंतर आम्ही काय करायचं?"

"सोमवारी काय आहे?"

तिने सांगितलं. अबरार पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. मग स्क्रीनकडे बघता बघता त्याने कपाळावर हात मारला.

"चूक माझीच आहे. खाली आमचं कापूस पिंजायचं मशीन दिवसभर चालतं. त्याची घरघर गाळायला मी कॉम्प्युटरात एक चाळणी लावून ठेवलीय. ती आवाज साठवते, गाळते, मग पुढे सोडते. उशीर तिथेच होतोय. ती चालू असते हेच मी विसरून गेलो होतो."

त्याने चाळणी बंद केली आणि हेडफोनमध्ये घरघर भरली. तो धडधडत जिना उतरला.

"अम्मी, मशीन बंद!"

"वेडा झाला का? थंडीचे दिवस, गिऱ्हाईक उभं..." माजिदाबींचा आवाज वर आला. मग अबरार हळू काहीतरी बोलला आणि मशीन थांबलं. "बसा हो जरा," त्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या. "वर गाणं चाललंय."

तेजलने ढोलकीवर बोट मारलं. बोट आणि कान, दोन्ही एकदमच! ती महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

"हसता पण तुम्ही?" दारातून अबरार म्हणाला.

"वेळेवर ऐकू आलं की हसते." मग तिची नजर समोर गेली. "आणखी एक... ही रजई काढा."

"काढली तर सगळं एकमेकांत मिसळेल. नंतर वेगळं करता येणार नाही."

"मी बाबांच्या हाताकडे बघून वाजवते. मला नुसतं ऐकून जमत नाही."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि त्याने रजई उतरवली. समोर बाबांचा उजवा हात वर झाला.

"विटा वाहिल्या माईनं, शाळा माझी उभी राहिली..."

शेवटच्या कडव्यात 'माई'वर बाबांचा आवाज चिरला, पण त्यांनी सूर सोडला नाही. त्यांचा हात थांबला तशी तेजलने थाप रोखली आणि त्या मोकळ्या जागेत कोपऱ्यातून आलं, "वा...!"

अबरारने तोंडावर हात दाबला. गाणं संपल्यावर तो तिच्याजवळ आला. "माफ करा. माझा आवाज आत गेलाय. काढायला गेलो तर काकांचा सूर कापला जाईल."

"काढा म्हटलंय कुणी? राहू द्या."

"कायमचा?"

तेजल ढोलकीच्या पिशवीची गाठ बांधत होती. ती गाठ काही केल्या बसेना. "हो," ती म्हणाली. "कायमचा."

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी अबरार दवाखान्यात आला. हातात पेनड्राइव्ह आणि बाबांच्या मानेखाली ठेवायला स्वतः भरलेली छोटी उशी. आत यावं की नाही, म्हणून दारातच उभा. तेजलने त्याच्याकडून दोन्ही घेतलं, आपल्या लॅपटॉपला इअरफोन जोडले. एक बाबांच्या कानात, दुसरा तिच्या. बाबा डोळे मिटून स्वतःचा आवाज ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. 'वा' आला तसे त्यांनी डोळे उघडले. उशाशी ठेवलेली पाटी ओढून लिहिलं, "हा कोण?"

तेजलने दाराकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं, बराच वेळ. दोघांबद्दल आपल्या कॉलनीत काय म्हणतील आणि त्याच्या गल्लीत काय म्हणतील, दोन्ही तिला ठाऊक होतं. बाबांना तर तिच्याआधी.

बाबांनी तळहाताने पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, "झुंबर गेल्यापासून त्या जागेवर कुणी दाद दिली नव्हती. घरी बोलाव त्याला."

तेजलने पाटी दाराकडे फिरवली. अबरारने वाचली, पुन्हा वाचली, तरी तो उंबऱ्यातच.

"आत ये ना," ती म्हणाली.