रिकाम्या हॉलातली टाळी

भोंगेकाका एका हातात स्पीकर झुलवत वाचनालयाच्या वरच्या हॉलात पोहोचले, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि स्वारी खुशीत होती. कार्यक्रम पाचला. चाळीस खुर्च्या, एक माइक, एक स्पीकर. तीस वर्षं लोकांच्या कार्यक्रमांना आवाज लावून देणाऱ्या माणसाला हा म्हणजे हातचा मळ.

पण आज गाणार होत्या काकू. गळ्याच्या ऑपरेशननंतर चारचौघांत गायची नऊ वर्षांतली पहिलीच वेळ. आवाज परतला होता, पण बारीक होऊन. सकाळी चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या होत्या, "मागच्या रांगेत ऐकू गेलं नाही ना, तर पुन्हा तोंड उघडायची नाही. सांगून ठेवते." आणि काकूंनी सांगून ठेवलं म्हणजे ठेवलंच.

काकांचा नियम साधा होता: आधी जागा शोधायची, मग बटणं फिरवायची. स्पीकर कोपऱ्यात, जमिनीवर ठेवला तर तो मडक्यात तोंड घालून बोलायला लागला. दोन भिंती आणि फरशी मिळून बेस फुगवतात, दुसरं काय. लोक मग बटण पिळून बेस कमी करत बसतात. अशांची काका मनातल्या मनात यथेच्छ खरडपट्टी काढत. हॉलच्या मध्यावर आणला, तर आवाज अगदीच कोरडा झाला. काकूंचा गळा आधीच बारीक, त्याला भिंतीचा थोडा आधार हवाच. शेवटी स्पीकर स्टुलावर, कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे ठेवला. आता कसा मोकळा बोलू लागला.

मग त्यांनी सवयीने टाळी वाजवली.

रिकामा हॉल, उघड्या भिंती. टाळी घुमून परत यायला हवी. ती आलीच नाही. हातातून निघाली आणि जागच्या जागी विरली. हॉल माणसांनी गच्च भरला की असं होतं. अंगं आणि कपडे आवाज पिऊन टाकतात. काकांनी पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. ते रांगांमधून वाकून बघत निघाले, आणि तोंडातून आपसूक निघालं, "जरा सरकता का?" स्वतःचंच त्यांना हसू आलं. तिसऱ्या रांगेत मात्र हवा ऊबदार होती. नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांचा वास येत होता.

"फार टाळ्या नका वाजवू हो," दारातून कुणीतरी म्हणालं. हॉलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाई होत्या, हातात केरसुणी. "कार्यक्रम संपला असं वाटतं त्यांना. उठून जातात."

"कोण...?"

"बसलेत ते." बाई शांतपणे केर काढत राहिल्या. "बिचारे दोनपासून आलेत."

बाई चेष्टा करतायत, असं काकांनी ठरवून टाकलं. तरी पुन्हा टाळी मात्र वाजवली नाही.

पाचला हॉल भरला. काकूंनी गायला सुरुवात केली. आवाज स्पीकरमधून निघून चौथ्या रांगेपाशीच बसत होता. मागच्या रांगेतले लोक कानाशी हात नेऊन पुढे वाकले होते. ट्रेबल वाढवून फरक पडेना. आवाज आणखी चढवला असता तर स्पीकरने शिट्टी मारली असती. काकूंना मागची रांग सरळ दिसत होती. दुसऱ्या ओळीला त्यांचा सूर थरथरला.

एका हॉलात दोन हॉलांची माणसं बसली होती. काका उठले आणि भर गाण्यात त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

सगळ्या माना वळल्या. काकूंनी डोळे वटारले, पण गाणं सोडलं नाही. खुर्च्यांचे पाय सरकल्याचा आवाज झाला. उठलं मात्र कुणीच नाही. दार आपोआप उघडलं, बराच वेळ उघडंच राहिलं, मग हळूच लागलं. आणि काकूंचा आवाज असा मोकळा सुटला की मागच्या रांगेतले कानांवरचे हात एकेक करून खाली आले.

"गाणं चालू असताना टाळ्या कोण वाजवतं? अडाणी कुठले," परतताना काकू म्हणाल्या. पण चालता चालता गुणगुणत होत्या. काकांचा जीव सुपाएवढा झाला.

सकाळी त्या पुढच्या खोलीत रियाजाला बसल्या. रंगकामासाठी खोली रिकामी केलेली, चमचा पडला तरी घुमायची. काका चहाचा कप घेऊन दारात आले आणि थबकले. आवाज घुमत नव्हता. त्यांनी हलकेच टाळी वाजवली. ती जागच्या जागी विरली. इस्त्रीचा वास येत होता.

"अगं..." काकांचा आवाज एकदम खाली आला. "कालचं गाणं म्हण. पहिल्यापासून. काहींचं अर्धंच राहिलंय."

"कुणाचं?"

"तू म्हण तर."

त्या गायल्या, मनापासून. गाणं संपल्यावर काकांनी दार सताड उघडलं, बाजूला उभे राहिले आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

दाराचा पडदा हललासुद्धा नाही.

"इतकं आवडलं?" काकू लाजून हसल्या. "आणखी एक म्हणू?"

काका रिकाम्या खोलीकडे बघत राहिले.

"म्हण," ते म्हणाले. "आणि जरा... मोठ्यानं म्हण. मागेही बसलेत."