जुनी फाइल

छन्न! माझ्या पिटुकलीच्या हातातला चमचा फरशीवर पडला आणि मी आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, दोघंही दचकलो. समोरचा पडदा काळा तो काळाच होता.

"तुम्ही काही केलंत का?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"काल हा अडखळत का होईना सुरू होत होता, तेव्हा दादानं फोनवर सांगितलं... कॉम्प्युटर सुरू करणारी फाइल बिघडलीय, ती पुसून टाक आणि माझ्याकडची बसव. पण मेली पुसूच देईना! म्हणे, परवानगी नाही. माझ्याच घरात!"

तो हसला. हसला की त्याचा चष्मा नाकावरून घसरतो... हे माझ्या लक्षात राहायचं काही कारण नव्हतं. कीबोर्डवर दूध सांडलं तेव्हा तो पहिल्यांदा आला होता. मग एकदा विसरलेला स्क्रूड्रायव्हर न्यायला — आणि तो तर त्याच्याच खिशात निघाला!

"बरं झालं, फाइलनं ऐकलं नाही. दादांची फाइल वेगळ्या व्हर्जनची. ती बसवली असती, तर हा आणखीच बिघडला असता."

मी पिटुकलीकडे बघितलं. "यात हिच्या बाबाचा आवाज आहे. हिला गोष्टी सांगतानाचा. तो गेल्यावर... तेवढाच उरलाय. दुसरीकडे कुठंच नाही."

त्यानं बाह्या सरसावल्या. "मग आधी आवाज."

आपल्या पेनड्राइव्हवरून त्यानं कॉम्प्युटर जागा केला. सगळ्या गोष्टी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून तो माझ्या तळहातावर ठेवला. बोटं टेकली — जरा जास्तच वेळ.

मगच तो फाइलकडे वळला. सिस्टीमकडून तिची मालकी, म्हणजे तिच्यात बदल करायची परवानगी, घेतली, तिच्या नावापुढे ‘जुनी’ असं जोडलं, शेजारी त्याच व्हर्जनची चांगली फाइल ठेवली आणि मालकी होती तशी परत करून टाकली.

"पुसली नाहीत?"

"कशाला पुसायची? असू दे की शेजारी. नव्याला... काही अडचण नाही." त्याचे कान लाल झाले. "मला तरी नाही."

"फाइलबद्दल बोलताय ना?"

"नाही."

पडदा उजळला. पिटुकलीनं धावत येऊन बटण दाबलं आणि खोलीभर बाबाचा आवाज पसरला — "एक होतं आळशी अस्वल..." तो मान खाली घालून ऐकत राहिला, पाहुण्यानं ऐकावं तसा. चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आला होता.

मी हात पुढे केला... आणि चष्मा हळूच वर सरकवला.

पिटुकली आमच्याकडे टक लावून बघत होती.

"आई, नवी नीट चालायला लागली, की मग जुनी पुसतात का?"