काशीबाईवरची बजावणी

१९६१ सालच्या फेब्रुवारीत दावा नंबर एकतीसचं समन्स माझ्याकडे आलं. मालवणच्या बाजूला एका छोट्या कोर्टात मी बेलीफ होतो. नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात एकही बजावणी मी खोटी लिहिली नव्हती.

दावा एका होडीचा होता. काशीबाई नावाची विधवा त्या होडीतून खाडीत जाऊन चिखलातल्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, काढायची आणि बाजारात विकायची. तिचा चुलतदीर रामचंद्र म्हणत होता, होडी माझी आहे, परत मिळावी. चौदा मार्चची तारीख लागली होती.

खाडीपलीकडच्या त्या वाडीत मी कधीच गेलो नव्हतो. तरीवरच्या नावाड्याला, महादूला, पैसे देऊ लागलो, तर त्याने हात मागे घेतला.

"जाताना दिया. नेहमीसारखे."

हा मला दुसराच कोणी समजतोय, असं मला वाटलं. ओहोटी होती. चिखलाचा आणि कुजत घातलेल्या नारळाच्या सोडणांचा वास येत होता. पायवाटेवर तिसऱ्यांच्या शिंपल्या पायाखाली कुरकुरत होत्या. एका घरापुढच्या खळ्यात कुत्रं पडलं होतं. त्याने मान उचलून पाहिलं आणि न भुंकता पुन्हा खाली टाकली.

काशीबाई दारातच होती. पाण्याचा तांब्या आणि गूळ ओट्यावर आधीच ठेवलेला.

"इलात? बसा."

कामावर असताना मी पुस्तकी मराठी बोलतो. "आपल्या नावाचं समन्स आहे. प्रत घ्या आणि इथे अंगठा करा."

"असो कागद आसा माझ्याकडे."

"कोणी दिला?"

"तुम्हीच."

ती आत जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात समन्सं होती. दहा-बारा तरी. दावा नंबर एकतीस, तारीख चौदा मार्च, कोर्टाचा शिक्का. खाली माझी सही, माझ्या त्या एका बाजूला कललेल्या अक्षरात. वरचा कागद नवा होता. तळचे पिवळे पडले होते आणि कसरीने खाल्ले होते.

दावा दाखल होऊन बारा दिवस झाले होते.

"होडी गेली तर मी काय खांव?" काशीबाई म्हणाली. रडत नव्हती, नुसतं विचारत होती. "ह्या वेळेक तरी कागद परत न्हेवा."

समन्स बजावलं गेलं नाही, तर दावा पुढे सरकत नाही. तेवढा वेळ मिळाला, तर कदाचित गावातच मिटेल, असं माझ्या मनात आलं. मी डबा बंद केला आणि माझ्या घरच्या बोलीत म्हणालो, "काशीबाय, तू तारखेक येव नको. मी कागद परत न्हेतंय."

मी बोलत असताना तिचे ओठ हलत होते. तेच शब्द.

समन्सच्या दोन्ही कोऱ्या प्रती मी पिशवीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी माझे वरिष्ठ, कोर्टाचे नाझरसाहेब, यांच्यापुढे रिपोर्ट ठेवला : प्रतिवादी गावी नाही, बजावणी झाली नाही.

"हा कशाला आणखी?" ते म्हणाले. "बजावणी झालीय की!"

त्यांनी प्रत दाखवली. काशीबाईचा अंगठा. माझी सही.

"हे मी लिहिलेलं नाही, साहेब."

"मग कोणाचं अक्षर हे?"

कालच्या प्रती दाखवायला मी पिशवी उघडली. रिकामी होती.

मी रजा टाकून पुन्हा वाडीत गेलो. "काशीबाय, तारखेक येच. नायतर एकतर्फी हुकूम होतलो."

"तां पण सांगतात तुम्ही," ती म्हणाली. "मी भायर पडतंय. कोर्टात पोचाक मात्र कधी गावणा नाय."

चौदा मार्चला मी सकाळपासून कोर्टाच्या दारात उभा होतो. तिच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. कोणी आलं नाही. संध्याकाळी महादू भेटला. देवाची शपथ घेऊन म्हणाला, सकाळी आठ वाजता तिला अलीकडच्या काठावर उतरवली.

हुकूम एकतर्फी झाला. होडी ताब्यात घेण्याचं वॉरंट निघालं, आणि ते घेऊन मलाच पाठवलं.

काशीबाईने वॉरंट घेतलं, घडी केली, डब्यात ठेवलं. मी आत डोकावून पाहिलं नाही.

"चला," ती म्हणाली. "दाखयतंय."

होडी काठावर, माडाच्या सावलीत होती. पुढे वाळूत पाण्यापर्यंत ओढत नेल्याचा चर होता. त्याच्याशेजारी दुसरा. मग तिसरा. सगळे ताजे, सगळे खोल, सगळे पाण्यात शिरलेले.

होडी जागच्या जागी होती.

"ओढा," काशीबाई हळू आवाजात म्हणाली.

मी वाकून होडीचा काठ धरला. लाकूड तिथे गुळगुळीत झिजलं होतं. चार खाचा होत्या. माझी चारही बोटं त्यांत बरोबर बसली.