धाकटीची स्क्रीन लॉक होईना

तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. मागच्या महिन्यात, एका रविवारी, भर दुपारी, आमच्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर.

ऑफिसातले दोनशे बारा कॉम्प्युटर मी सांभाळतो. त्यांचे गट करायचे, गटागटाला सुरक्षेचे नियम लावायचे. एकच कॉम्प्युटर दोन गटांत असला, तर ज्या नियमाचा क्रम वरचा, तो चालतो.

कर्मचाऱ्यांसाठी नियम साधा आहे. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही, की स्क्रीन लॉक.

धाकटी नुकतीच आमच्याकडे लागली होती. तिची स्क्रीन दोनदा उघडी सापडली. तिसऱ्यांदा सापडली, की नोकरी गेली.

"दादा, जेवून येते तरी कॉम्प्युटर आपला चालूच. माझं काय चुकतंय रे?" ती रडकुंडीला आली होती.

साहेबांनी मला आधीच बजावलं होतं, "बहीण म्हणून पाठीशी घालू नकोस."

म्हणून त्या रविवारी मी एकटाच गेलो. सगळे कॉम्प्युटर चालू ठेवायला सांगितले होते. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं.

तिचा कॉम्प्युटर दोन गटांत निघाला. एक कर्मचाऱ्यांचा, दुसरा स्वागतकक्षातल्या सूचना-स्क्रीनचा. त्या स्क्रीन कधीच लॉक होत नाहीत, आणि त्यांचा नियम क्रमाने वर होता.

माझाच गाढवपणा. मी हुश्श केलं.

तिचा कॉम्प्युटर सूचना-स्क्रीनच्या गटातून काढला. कर्मचाऱ्यांचा नियम पहिल्या क्रमांकावर आणला. रिपोर्ट आला, नियम लागू.

पाच मिनिटं झाली. मजल्यावरच्या बाकी सगळ्या स्क्रीन केव्हाच काळ्या पडल्या होत्या...

तिची सोडून.

दहा मिनिटं. वीस मिनिटं.

मी माझ्या लॅपटॉपवर तिच्या कॉम्प्युटरची नोंद उघडली. शेवटचा स्पर्श... दोन सेकंदांपूर्वी.

मी तिच्या टेबलापासून चार हात लांब होतो.

कीबोर्ड काढला. माउस काढला. दोन्ही वायर हातात धरून उभा राहिलो. पुन्हा नोंद बघितली...

एका सेकंदापूर्वी.

वायर तिथंच टाकल्या. जिना कसा उतरलो, मला आठवत नाही.

सोमवारी साहेबांना सांगितलं, मशीनच खराब आहे. धाकटीला नवा लॅपटॉप दिला. जुना कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आणून लावला.

पाचव्या मिनिटाला तो निमूट लॉक झाला.

त्याला काहीच झालेलं नव्हतं. धाकटीचा नवा लॅपटॉप मात्र लॉक होईना.

आता मी धाकटीच्या लॅपटॉपचा वेगळा गट केलाय. कधीच लॉक करू नये, असा नियम त्याला सगळ्यात वरच्या क्रमाने लावलाय. त्यामुळे स्क्रीन उघडी का, असं कुणी विचारत नाही. नोकरी वाचली म्हणून ती खुशीत आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं तरी काय?

काल आम्ही जेवायला बसलो होतो. लॅपटॉप तिच्या खोलीत होता. दार बंद होतं. घरात आम्ही दोघंच.

मी मोबाइलवर लॅपटॉपची नोंद उघडली. शेवटचा स्पर्श... एका सेकंदापूर्वी.

"दादा, जेवताना सारखं काय बघतोस त्यात?"

"काही नाही. तू जेव."