डाव्या खांद्याचा बाम

मोबाइल ठेवा आधी खाली. मधे कुणी खीखी केलं तर मी उठून जाईन. माझी दाढी करतो ना, तो कोपऱ्यावरचा न्हावी, त्याच्यासोबत घडलेलं आहे हे. खोटं वाटत असेल तर आत्ताच झोपायला जा.

मागच्या थंडीतला मंगळवार. रात्री अकराला न्हावी स्कूटर काढून बाम आणायला निघाला. घरातला संपला होता.

धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर. पोटात डावीकडची पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून हाताला लागायची. डॉक्टरने बजावलं होतं, पोटाला धक्का लागू देऊ नका. कुणी लागूही दिला नाही. पण त्या रात्री दुखत होता तो डावा खांदा.

"दादा, तुझ्या हातात जोर नाही राहिला."

"गप रे. गावभराचे खांदे मी मोकळे करतो. तुझाच काय सोन्याचा लागून गेलाय?"

चोळून चोळून बाटली रिकामी झाली, दुखणं हटेना. भाऊ पांढराफटक पडला, घामाने निथळायला लागला. आई घाबरली.

"बाम चोळलाय, घाम फुटणारच," न्हावी म्हणाला. "आलोच मी."

दुकानदाराने अर्धं शटर वर करून सीलबंद बाटली दिली. न्हाव्याने ती खिशात टाकली आणि परत फिरला.

रस्त्याला दिवे नव्हते.

स्कूटर मागून दबली. कुणी बसावं तशी.

त्याने आरशात पाहिलं. मागे कुणी नाही...

डाव्या खांद्यावर हात आला. चोळू लागला. हळू. शर्टाच्या आतून. बामचा चटका... वास...

"कोण आहे?"

...

"अरे, कोण?"

"दादा... खांद्यात काही नाही रे."

भावाचा आवाज.

न्हाव्याने स्कूटरचा कान पिळला. "थांब रे! आत्ता दवाखान्यात नेतो. थांब, राजा, थांब..." रडत होता, ओरडत होता. मागचं वजन तसंच. हात तसाच.

दारात पोचला. स्कूटर एकदम हलकी झाली.

आई पायरीवर बसलेली. भावाचे डोळे तिने आधीच मिटले होते.

सकाळी डॉक्टरने सांगितलं, पानथरी आपोआप फुटली. या आजारात धक्का न लागताही फुटते कधी कधी. पोटात रक्त साचत होतं, त्याची कळ खांद्यात येत होती.

मी गेलो तेव्हा न्हावी तसाच बसला होता, रात्रीच्याच शर्टात. डावा खांदा तेलकट. मला पाहून त्याने खिशातली बाटली काढली. सील जसंच्या तसं. ते त्याने माझ्यासमोर फोडलं.

आत, बामात, दोन बोटांचा खड्डा होता.