दोन बोटं कमी

पातेल्यावरचं झाकण खडखडलं. वीज गेल्यानं शेजारचे यंत्रमाग थांबले होते, म्हणून तेवढाही आवाज मोठा वाटला. माधवीनं एका हातानं दूध उतरवलं. दुसऱ्या हातावर चार वर्षांची मनू पेंगत होती. वडगावात लोक माधवीकडं चोरी-लबाडीचा छडा लावून घ्यायला येत. तिला झोप कधी मिळते, हे कुणी विचारत नसे.

समोर दिपाली बसली होती. मच्छे गावच्या प्रयोगशाळेत ती समुद्राच्या पाण्यातले जिवाणू तपासायची.

“कोकणातल्या खाडीतनं दोन बाटल्या आल्या, ताई. एक रसायनाच्या कारखान्याच्या पाइपाजवळची, एक लांबची, स्वच्छ. घाणीतले जिवाणू जिवंत, स्वच्छ पाण्यातले सगळे मेलेले. साहेब म्हणतात, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्यात. उद्या बैठकीत अहवाल फेकला, तर माझी नोकरी जाईल आणि खाडीत दुसरा पाइप पडेल.”

“बाटल्या आणणाऱ्या ड्रायव्हरनं पैसे खाल्ले,” शेजारचे भरमाअण्णा म्हणाले. निवृत्त हवालदार, त्यांचा निकाल तपासाआधीच लागे.

माधवीनं दिपालीनं आणलेल्या बाटल्या पाहिल्या. स्वच्छ पाण्याची बाटली दोन बोटं कमी. चिठ्ठी सुरकुतलेली. तोंडाशी सुताचा एक धागा.

मग सगळे मच्छेला गेले. बाटल्या आणायला गेलेला दिपालीचा मदतनीस अभिनंदन म्हणाला, “आम्ही सरळ आलो.”

“सरळ कुठलं?” ड्रायव्हर यल्लाप्पा हसला. “निपाणीत रात्री गाडी बंद पडली. ह्यांच्याच घरात झोपलतो की. बाटल्या फ्रीजात. माझ्यावर घालू नका, बाई. मी डिझेलसुद्धा चोरत न्हाय.”

“सुद्धा म्हंजे?” अण्णांनी विचारलं.

सगळे निपाणीला पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. अभिनंदनच्या आईनं, कांताबाईंनी, चहा पुढं केला. हंड्यावर पाण्याचं सुती गाळणं वाळत होतं.

“तुम्ही घ्या. आम्ही जैन, दिवस मावळला की मी पाण्याचा थेंबसुद्धा घेत न्हाय.”

माधवीनं मनूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “दिपाली, घाणीतल्या जिवाणूंवर पाइपातलं रसायन टाकून बघितलंस?”

“टाकलं. तरी वाढले.”

“मग चिठ्ठ्या बदलल्या नाहीत. त्या विषात राहून ज्यांना सवय झाली, तेच असे टिकतात. राहिली स्वच्छ बाटली. चिठ्ठी गरम पाण्यानं सुरकुतली, धागा गाळण्याचा, दोन बोटं पाणी वाफ होऊन गेलं. मावशी, पोरांचं पाणी तुम्ही उकळलंत न्हवं?”

“व्हय की. मला वाटलं प्यायचंच हाय; वाटेत कच्चं पितील म्हणून गाळून, उकळून परत भरलं. दुसरं पिवळं, वासाचं. त्याला हात लावला न्हाय.”

“खारट लागलं न्हाय?” अण्णा.

“चाखलंच नाही,” माधवी म्हणाली. “दिवस मावळला होता.”

कांताबाई खाली बसल्या. “म्हंजे त्यातले जीव माझ्या हातनं गेले.”



“बर्फातनं सरळ न्यायचा नियम हाय,” अभिनंदन पुटपुटला. “घरात ठेवलं म्हटलं असतं, तर नोकरी गेली असती.”

“माझी गेली असती की रं,” दिपाली म्हणाली. “घे कागद, लिही सगळं.”

त्यानं लिहून सही केली. आता अहवाल फेकता येणार नव्हता; स्वच्छ पाणी तेवढं नव्यानं आणायचं होतं. परतताना माधवीनं डोळे मिटले. मनू मात्र टक्क जागी होती.

“आई, ते बारके जीव घाणीत राहायला शिकले. मासे कधी शिकणार?”